कागद बोलतो, पण माणसाचं काय?

मंडळी, वेव्हर्ली स्टेशनातून बाहेर पडून प्रिन्सेस स्ट्रीटच्या पूर्व टोकाला आलं की समोर एक घुमटाची भारदस्त इमारत दिसते. तिच्यापुढे घोड्यावर बसलेला ड्यूक ऑफ वेलिंग्टन आहे. (हाच तो आर्थर वेलस्ली, ज्यानं १८०३ साली अहमदनगरचा किल्ला घेतला आणि पुढे असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. एडिनबरात राहणाऱ्या मराठी माणसाला इतिहास असा रस्त्यात आडवा येतो.) त्याच्या मागची इमारत म्हणजे जनरल रजिस्टर हाऊस. रॉबर्ट ॲडम या प्रसिद्ध वास्तुरचनाकाराची ही कृती असून तिची कोनशिला १७७४ साली बसली. इथून शॉपिंगला जाताना आपण सगळेच शेकडो वेळा गेलो असू, पण आत काय आहे याची चौकशी फारसं कुणी करत नाही.

मीही केली नव्हती. मात्र काही वर्षांपूर्वी माझ्या छोट्याशा कन्सल्टिंग कंपनीसाठी लीथ भागात ऑफिस भाड्यानं घेतलं, तेव्हा भाडेकराराच्या शेवटी एक ओळ दिसली. तिचा मथितार्थ असा, की हा दस्त जतन करण्यासाठी आणि अंमलबजावणीसाठी नोंदवण्यास दोन्ही पक्षांची संमती आहे. 'जतन' कळलं. 'अंमलबजावणी' म्हणजे काय, असं मी सॉलिसिटरला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "भाडं थकलं तर घरमालकाला तुमच्यावर दावा लावायची गरज नाही. हा कागद नोंदवला, त्याची नक्कल काढली, की ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच चालते."

म्हणजे दावा, समन्स, तारीख, यातलं काहीच नाही! मी वकील नाही. शिक्षण कॉम्प्युटरचं, एमएस्सीसाठी या देशात आलो आणि इथलाच झालो. पण ज्या घरात 'कोर्टाची पायरी चढू नये' हे वाक्य ऐकत वाढलो, तिथे कोर्टात निदान आपलं म्हणणं ऐकून घेतलं जातं एवढी खात्री होती. इथे तर ती पायरीच गायब! मग वाचायला लागलो आणि एडिनबरापासून थेट बारामती तालुक्यातल्या सुप्यापर्यंत जाऊन पोचलो. प्रश्न एकच होता: हातात सही केलेला कागद असेल, तर कर्जदाराला 'माझं ऐका' असं म्हणायची संधी कधी द्यावी, आणि कधी देऊ नये?

स्कॉटलंडनं या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी देऊन टाकलं होतं. सही करतानाच तू संमती दिलीस, आता कसलं ऐकायचं? कोर्ट ऑफ सेशनच्या दस्त-नोंदवहीत असे कागद नोंदवले जात. व्यापारी हुंड्यांसाठी तर वेगळी संमतीसुद्धा लागत नसे. १६८१ च्या कायद्यानं परदेशी हुंड्यांना आणि १६९६ च्या कायद्यानं देशांतर्गत हुंड्यांना ही सोय मिळाली. हुंडी नाकारली गेली की सहा महिन्यांच्या आत नाकारल्याचा दाखला नोंदवायचा आणि थेट वसुलीला लागायचं. पुढे १८८२ साली साऱ्या ब्रिटनसाठी हुंड्यांचा एकच कायदा झाला, त्यातही स्कॉटलंडची ही पद्धत जपून ठेवली गेली.

आणि वसुली म्हणजे काय? सेंट जाइल्स चर्चशेजारी जो मर्कॅट क्रॉस आहे, जिथे आपण फेस्टिवलच्या दिवसांत जादूगार बघत उभे असतो, तिथे सरकारी माणूस येऊन तीनदा शिंग फुंकत असे. राजाच्या नावानं हुकूम देऊनही पैसे भरले नाहीत, तेव्हा हा राजाचा द्रोही, असा त्याचा अर्थ. म्हणजे कागदोपत्री तुरुंगवास कर्जासाठी नव्हताच, तो राजाज्ञा मोडल्याबद्दल होता! हा युक्तिवाद ज्या कुणी शोधून काढला त्याला नमस्कार.

त्यातून सुटकेची एक जागा होती, होलीरूड. ॲबीच्या हद्दीत आणि शेजारच्या पार्कात कर्जदाराला पकडता येत नसे. कॅननगेटच्या खालच्या टोकाला रस्त्यात पितळी 'एस' अक्षरं बसवली आहेत, ती त्या अभयक्षेत्राची सीमा. आत राहणाऱ्या कर्जबाजारी सभ्य गृहस्थांना लोक चेष्टेनं 'ॲबीचे जमीनदार' म्हणत. रविवारी वसुलीची कारवाई करता येत नसल्यानं ते त्या दिवशी बिनधास्त गावात जेवायला जात आणि मध्यरात्रीच्या आत परतत. लेखक थॉमस डी क्विन्सी हा त्यांच्यातलाच एक.

सर वॉल्टर स्कॉटवरही ती पाळी येता येता टळली. हा कादंबरीकार पेशानं कोर्ट ऑफ सेशनचा प्रिन्सिपल क्लार्क. इतरांवर बजावल्या जाणाऱ्या हुकुमांचे कागद रोज डोळ्यांखालून घालणारा माणूस! पण छापखान्याच्या आणि प्रकाशकाच्या व्यवहारात त्यानं एकमेकांच्या सोयीसाठी हुंड्यांवर सह्या केल्या आणि १८२६ च्या सुरुवातीला सगळं कोसळलं, तेव्हा एक लाख वीस हजार पौंडांच्या आसपास कर्ज त्याच्या डोक्यावर आलं. त्यानं कोर्टात वाद घातला नाही. ट्रस्ट करून दिला आणि उरलेलं आयुष्य लिहून लिहून कर्ज फेडण्यात घालवलं. त्याचं कौतुक सगळे करतात, मीही करतो. पण लक्षात घ्या, स्कॉटला हुंडी म्हणजे काय हे एडिनबरातल्या कोणाहीपेक्षा चांगलं कळत होतं. ज्याला कळतच नव्हतं त्याचं काय?

त्याच्यासाठी एक उपाय होता. 'सस्पेन्शन', म्हणजे वसुली थांबवा असा अर्ज. तो वरच्या कोर्टात, म्हणजे एडिनबरालाच करायचा आणि त्यासाठी बहुधा आधी जामीन द्यायचा किंवा रक्कम कोर्टात भरायची. ज्याच्याकडे पैसे नाहीत म्हणून जप्ती आली, त्यानंच आधी पैसे भरायचे आणि मग सांगायचं की मी देणं लागत नाही! आमच्या भाषेत सांगायचं तर पासवर्ड विसरल्याची तक्रार करायला आधी लॉग-इन करा.

आता तुम्ही म्हणाल, यात मराठी माणसाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो जोडणारी माणसंही याच गावची आहेत.

पहिला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याचं काही शिक्षण इथल्या हायस्कूलमध्ये झालं. पेशवाई बुडाल्यावर १८१९ साली त्यानं जिंकलेल्या मुलखाबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात कर्जवसुलीच्या आपल्या जुन्या रीतीचं वर्णन आहे. तगादा लावायचा. सावकारानं दारात धरणं धरून बसायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर पंचायत. पंचांचा निवाडा मान्य करू असा राजीनामा दोन्ही बाजूंनी लिहून द्यायचा. ही पद्धत काही आदर्श नव्हती. पंच जमता जमत नसत, निकाल लांबत आणि तगाद्यात जाचही असे. एल्फिन्स्टननं ते दोषही नोंदवले आहेत. पण धरणं धरलेला सावकार आणि कर्जदार निदान समोरासमोर असत, आणि सगळं गाव ते बघत असे.

पुढच्या पन्नास वर्षांत इंग्रजी कोर्टं आली आणि सावकाराला दारात बसायची गरज उरली नाही. कागद पुरेसा झाला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जाच्या दाव्यांची मुदत कमी केली. हेतू चांगला होता, जुनाट कर्जं उकरून काढू नयेत. झालं उलटंच. मुदत संपत आली की सावकार नवं खत लिहून घेई, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवी, आणि अक्षरशत्रू कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी. मूळ वीस रुपये घेतले होते की चाळीस, मधे धान्य किती घातलं, हे कागदावर कुठेच नाही. 'दामदुपटीपेक्षा व्याज नको' हा आपला जुना नियम, पण दर खेपेला नवं मुद्दल धरलं की दामदुपटीचा हिशेबही नव्यानं सुरू!

मग दावा. समन्स निघे. कधी बेलिफ गावापर्यंत जातच नसे आणि बजावल्याचा शेरा मात्र पडे. समन्स मिळालंच तर कोर्ट कोसांवर, शेतीचे दिवस, वकिलाची फी, आणि सावकाराचं आश्वासन, 'तू कशाला हेलपाटा घालतोस, आपण घरी मिटवू.' कुणबी जात नसे. एकतर्फी हुकूमनामा होई. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या कमिशनपुढे हेच पुन्हा पुन्हा आलं. कायद्यानुसार बचावाचा दरवाजा सताड उघडा होता, पण त्यातून आत कुणी येत नव्हतं.

१२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात त्याचा स्फोट झाला. कापसाचे भाव पडलेले, शेतसारा वाढलेला, ही कारणंही होतीच. पण जमावानं काय मागितलं ते बघा: खतं! बहुतेक ठिकाणी खतं दिली की सावकाराच्या अंगाला हात लागत नसे. कागद चौकात आणून जाळले जात. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत गावामागून गाव हे लोण पसरलं. ज्यांना कोर्टात उलटतपासणी करता आली नाही, त्यांनी पुरावाच पेटवून दिला.

सरकारनं कमिशन नेमलं आणि १८७९ साली दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. तो वाचताना मी थक्क झालो. शेतकऱ्याविरुद्धच्या दाव्यात कोर्टानं प्रतिवादीची स्वतः साक्ष घ्यायची, आणि ती अगदीच अनावश्यक वाटली तर तसं का वाटलं हे लेखी नोंदवायचं. कागदावर विसंबायचं नाही, पहिल्या देवघेवीपासून व्यवहाराचा इतिहास खणून काढायचा. आणि कर्जदारानं 'होय, देणं आहे' असं कबूल केलं तरी, ती कबुली खरी आहे आणि आपले हक्क कळून दिलेली आहे, अशी खात्री पटल्याशिवाय चौकशी सोडायची नाही! मुद्दल वेगळं, व्याज वेगळं मांडायचं. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक नाही. (स्कॉटलंडात कर्जासाठी तुरुंग बंद करणारा कायदा त्यानंतर एका वर्षानं, १८८० साली आला. तोवर होलीरूडच्या 'जमीनदारां'ची परंपरा शिल्लक होती. या एका बाबतीत आपला कुणबी एडिनबराच्या सभ्य गृहस्थाच्या पुढे होता.)

या काळात पुण्यात काम करणारा दुसरा एडिनबरावासी म्हणजे सर विल्यम वेडरबर्न. जन्म इथलाच, १८३८ चा, शिक्षण एडिनबरा विद्यापीठात. १८६० साली मुंबई इलाख्यात सिव्हिल सर्व्हंट म्हणून आला आणि न्यायखात्यात बराच काळ राहिला. नुसतं कोर्ट सुधारून भागणार नाही, शेतकऱ्याला स्वस्त कर्ज हवं आणि तंटे मिटवायला लवाद हवेत, असं त्याचं मत होतं. सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी, १८७० च्या दशकात पुण्यात लवाद कोर्ट चालवलं, त्याच्याशी हे जुळणारं होतं. पुरंदर तालुक्यात शेतकी बँक काढायची वेडरबर्नची योजना हिंदुस्थान सरकारनं मान्य केली आणि लंडननं फेटाळली. १८८९ आणि १९१० साली हा गृहस्थ काँग्रेसचा अध्यक्ष झाला. आपल्या मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात त्याची आठवण निघायला हरकत नसावी.

आणि न्यायमूर्ती रानडे. १८७९ च्या कायद्याखालच्या बऱ्याच दाव्यांत अपील नव्हतं, त्याऐवजी स्पेशल जज्जनं फिरून खालच्या कोर्टांचे निकाल तपासायचे, अशी व्यवस्था होती. रानड्यांनी या कामावर वर्षानुवर्षं काढली. १८८७ पासून ते स्वतः स्पेशल जज्ज होते आणि १८९३ साली हायकोर्टात गेले. रमाबाईंच्या आठवणींत त्या फिरतीची वर्णनं आहेत. आपण एकोणिसाव्या शतकातले रानडे म्हणजे सभा, प्रार्थनासमाज आणि अर्थशास्त्र एवढंच लक्षात ठेवतो. गावोगावच्या खतांचे हिशेब तपासणारे रानडे मला जास्त मोठे वाटतात.

या कायद्यानं सगळं गोड झालं का? नाही. सावकारांनी हात आखडता घेतला. गहाणखताऐवजी सरळ विक्रीखत लिहून घ्यायचे आणि 'पैसे दिलेस की जमीन परत' असं तोंडी सांगायचे. शेतकरी नसलेलेही शेतकरी म्हणवून कोर्टात उभे राहू लागले. कोर्टानं प्रत्येक कागदाच्या पोटात शिरायचं ठरवलं, तर कागदावर पैसे देणारा पुढच्या वेळी विचार करतो. हा आक्षेप खोटा नाही.

गंमत अशी की याच मुंबई इलाख्यात त्याच वेळी बरोबर उलट दिशेचा कायदाही चालू होता. इंग्लंडमध्ये १८५५ साली हुंड्यांसाठी झटपट दाव्यांचा कायदा झाला. प्रतिवादीला बचाव करायचा तर आधी कोर्टाची परवानगी घ्यायची, नाही तर निकाल वादीच्या बाजूनं. १८६६ च्या कायद्यानं ही पद्धत हिंदुस्थानात आली, आणि मुंबईच्या पेढ्यांना हायकोर्टात ती मिळाली. म्हणजे मुंबई बंदरातल्या व्यापाऱ्याला 'बोलायचं असेल तर आधी परवानगी घे', आणि घाटावरच्या कुणब्याला 'तू बोलला नाहीस तरी आम्ही तुला बोलतं करू'. वरवर विसंगत वाटतं. मला ते शहाणपणाचं वाटतं. हुंडीवर सही करणारे दोघेही व्यापारी असत, दोघांनाही कागद वाचता येई. खतावर निशाणी करणाऱ्याच्या बाबतीत लेखणी एकाच्याच हातात होती.

मुंबईची ती झटपट पद्धत १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत 'ऑर्डर ३७' म्हणून शिरली आणि आजही आहे. पुढे ती इतर कोर्टांपर्यंतही पोचली. चेक, प्रॉमिसरी नोट, लेखी कराराची ठरलेली रक्कम, यांचे दावे तिच्यात बसतात. मग खरा प्रश्न उरतो तो परवानगीचा. ती कुणाला द्यायची?

१९५८ साली सुप्रीम कोर्टापुढे साठ हजार रुपयांच्या न वटलेल्या चेकचा खटला आला. प्रतिवादी म्हणत होता, की चेक नुसता तारण म्हणून दिला होता, मालाचे पैसे वेगळे चुकते केले. खालच्या कोर्टानं म्हटलं, कागदपत्रं दाखवली नाहीत, तेव्हा जामीन दे आणि मग लढ. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ते खोडून काढलं. पुरावा देण्याची वेळ परवानगी मिळाल्यानंतर येते, दारातच पुरावा मागून चालणार नाही. बचाव खरा असेल तर निकाल बदलेल असा आणि प्रामाणिक असेल, तर अट कशासाठी? मला हा निकाल फार आवडतो. स्कॉटलंडच्या 'सस्पेन्शन'वर माझा जो राग होता, त्याचंच हे उत्तर आहे.

१९७६ साली संहितेत दुरुस्ती झाली: बचावात काही दम नाही किंवा तो निव्वळ पोरकट, त्रास देण्यासाठी आहे, अशी खात्री पटल्याशिवाय परवानगी नाकारू नये. आणि जेवढी रक्कम स्वतःच कबूल करतोस, तेवढी मात्र भर. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं मेकॅलेक खटल्यात पायऱ्या घालून दिल्या. बचाव चांगला असेल किंवा निदान तपासण्याजोगा प्रामाणिक मुद्दा असेल तर बिनशर्त परवानगी. पैसे भरण्याची अट अगदी शेवटच्या पायरीवर, बचाव जवळजवळ पोकळच असेल तेव्हा दयेपोटी.

चाळीस वर्षांनी, २०१६ साली, मुंबईच्याच हबटाऊन या बांधकाम कंपनीच्या प्रकरणात कोर्टानं ही शिडी बदलली. मुंबई हायकोर्टानं बिनशर्त परवानगी दिली होती. कंपनीचं म्हणणं, मूळ परदेशी गुंतवणुकीची रचनाच परकी चलनाच्या नियमांविरुद्ध, म्हणून आमची हमी लागू नाही. सुप्रीम कोर्टानं सांगितलं, लढायचं असेल तर गुंतवलेले ४१८ कोटी रुपये भरा किंवा तेवढं तारण द्या. मुद्दा तपासण्याजोगा असला तरी प्रतिवादीच्या हेतूबद्दल शंका असेल, तर अट घालता येते.

मला हा निकालही पटतो. ४१८ कोटींचे दस्त करणाऱ्या कंपनीनं वकिलांच्या फौजेसह सह्या केलेल्या असतात. पण हीच शिडी एखाद्या लहान दुकानदाराला लावली, ज्यानं मेहुण्याच्या कर्जाला जामीन म्हणून कोऱ्या कागदावर सही केली, तर? त्याला 'आधी पैसे भर' म्हणणं आणि 'जा, तुझं ऐकत नाही' म्हणणं यात फरक नाही. माझ्या मते कोर्टानं तीन गोष्टी बघाव्यात. त्यानं सांगितलेली हकीकत मोघम आहे की तारीखवार? ती खरी ठरली तर निकाल फिरेल का? आणि कागद कुणी लिहिला, वाचता कुणाला येत होता? पहिल्या दोहोंचं उत्तर त्याच्या बाजूनं असेल तर दार बिनशर्त उघडावं. पैशाची अट घालायचीच तर आधी त्याचा खिसा बघावा.

मी हे कर्जदाराच्या बाजूनं बोलतोय असं वाटेल, पण मी स्वतः दुसऱ्या बाजूला उभा राहिलोय. काही वर्षांपूर्वी एका क्लायंटनं माझं तीन हजार चारशे पौंडांचं बिल थकवलं. स्कॉटलंडात २०१६ पासून पाच हजार पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी 'सिम्पल प्रोसीजर' आहे, वकिलाशिवाय चालते. मी अर्ज केला. टाइमशीट सही केलेल्या, ईमेल सगळे जागेवर. तरी समोरच्यानं उत्तर दिलं की कामाचा दुसरा टप्पा मंजूरच झाला नव्हता, आणि प्रकरण चार महिने लांबलं. त्या चार महिन्यांत मला लीथच्या करारातली ती ओळ फार हवीहवीशी वाटली, हे कबूल करतो! शेरीफनं दोघांनाही साधे प्रश्न विचारले, त्यांच्या मॅनेजरला स्वतःच्याच कंपनीचा मंजुरीचा ईमेल दाखवला गेला, आणि पूर्ण पैसे मिळाले. तो मॅनेजर खोटं बोलत नव्हता. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला होता आणि याला काही ठाऊक नव्हतं. शेरीफनं त्याचं म्हणणं पाच मिनिटं ऐकलं, त्यातच हे उघड झालं.

आता आपल्यासारख्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. ऑर्डर ३७ चं समन्स बजावलं की दहा दिवसांत कोर्टात हजेरी नोंदवायची असते. नोंदवली नाही तर दाव्यातली विधानं कबूल आहेत असं धरून हुकूमनामा होतो. हजेरी लावली की वादी निकालासाठी दुसरं समन्स बजावतो, आणि तिथून पुन्हा दहा दिवसांत शपथपत्रासह बचावाची परवानगी मागायची. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. हुकूमनामा होऊन गेल्यावरही खास परिस्थिती असेल तर तो रद्द करता येतो, पण तोवर दमछाक होते. उलट दिशेनंही हे लागू आहे: ब्रिटनच्या वरिष्ठ कोर्टाचा हुकूमनामा भारतात थेट अंमलात आणता येतो, पण २००१ साली सुप्रीम कोर्टानं इंटरनॅशनल वूलन मिल्स प्रकरणात सांगितलं, की गुणदोषांचा विचार न करता झालेला एकतर्फी निकाल भारतात चालणार नाही.

आपल्यापैकी अनेकांचे पुण्या-ठाण्यात फ्लॅट आहेत, भावाच्या धंद्याला जामीन म्हणून सह्या आहेत, आणि कागदावर पत्ता अजून आईवडिलांचा आहे. तिथे आलेलं कोर्टाचं पाकीट टीव्हीशेजारी ठेवून 'पुढच्या महिन्यात येशील तेव्हा बघ' असं फोनवर सांगितलं जातं. तेव्हा या दिवाळीत घरी फोन कराल, तर फराळाच्या चौकशीनंतर एवढंही सांगून ठेवा: कोर्टाचं काही आलं तर त्याच दिवशी फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि पाकीट कोणत्या तारखेला हातात पडलं ते त्यावरच लिहून ठेवा.